एकशेबारा झाडं

मु. प्रकाशा, ता. शहादा
रविवार, ११ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. रेवास आईचे पोटभर आशीर्वाद.

टेप पुसायचे रविवार तुला आठवतात का गं? तळोद्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर हे बसायचे, चामडी डबीतून शंभर फुटांची कापडी टेप सगळी सोडायचे, आणि तू टोकाची पितळी कडी धरून अंगणातल्या चिंचेपर्यंत पळायचीस. तू तिकडून ओढून धरायचीस आणि मी ओलं फडकं घेऊन पुसत पुसत तुझ्यापर्यंत यायचे. "कडी सोडू नको हां," हे इकडून ओरडायचे, आणि तू दर वेळी सोडायचीस. टेप मातीत लोळायची. मग तुम्ही दोघं हसायचात आणि मी पुन्हा पहिल्या फुटापासून पुसायला लागायचे. तेव्हा मला इतका राग यायचा! तू आठ वर्षांची असशील.

आजही रविवारच आहे. टेप माझ्यासमोर आहे. पुसायला घेतली आणि पत्रच लिहायला बसले.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला पत्रं लिहायला शिकवायच्या. पहिल्या परिच्छेदात खुशाली, दुसऱ्यात बातमी, तक्रार कुठेही नाही. जन्मभर मी तशीच पत्रं लिहिली. तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली, दर दिवाळीला तुला पाठवलेली सगळी पत्रं तशीच होती. आज मात्र मी तक्रार करणार आहे, आणि तिला एक पान पुरणार नाही.

बातमी अशी की आम्ही जानेवारीत दिल्लीला येऊन गेलो. तीन दिवस होतो. तुझ्या घरी आलो नाही, तुला कळवलंही नाही.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. ठेव. पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

रिटायर झाल्यापासून यांच्या डोक्यात एकच होतं, की डेहराडूनला जायचं, रेंजरचं शिक्षण घेतलं ते कॉलेज पाहायचं, आणि तिथून पाठीवर सामान टाकून डोंगरात आठ दिवस पायी फिरायचं. मी म्हटलं, मी छप्पन्न वर्षांची बाई आहे, खेचर नाही. तर यांनी शहाद्याच्या शिंप्याकडून दोन खाकी पाठपिशव्या शिवून आणल्या, एक मोठी आणि एक माझ्या मापाची. माप माझ्या नकळत घेतलं होतं, मी भाकरी थापत असताना, मागून. ट्रंक नाही, वळकटी नाही. कपड्यांचे दोन दोन जोड, एक एक घोंगडी, एक पातेलं, दोन वाट्या. लुगड्यावर पाठपिशवी बांधून मी नंदुरबार स्टेशनावर उभी राहिले तेव्हा ओळखीच्या माणसांनी मला नमस्कार करायचा सोडून रस्ता दिला.

दिल्लीत उतरलो तर हमाल हसायला लागले. एकजण म्हणाला, "माताजी, फौज में भरती हो गई क्या?" दुसऱ्याने माझ्या पाठीवरचं ओझं घ्यायला हात पुढे केला. हे आपल्या अहिराणीत त्याच्यावर खेकसले, "कुली कसाले? माले पाठ नही का?" त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नाही. आणि पाठ माझी होती.

दिल्लीत थांबायचं हे मी मागून घेतलं होतं. का, ते तुला सांगायला नको. त्यावर यांनी एक अट घातली होती. राजधानी पाहायची तर पाहू, पण तिथे तुझं नाव निघता कामा नये. छगनशेठच्या चोरट्या सागाच्या गाड्या यांनी पकडल्या, कोर्टात उभ्या केल्या, आणि त्यानंतर तू त्याच छगनशेठच्या मुलाशी लग्न केलंस. जावईबापूंचा त्यात काही दोष नव्हता हे मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक असावं. पण त्या दिवशी ओट्यावर उभं राहून "माले आंडेरच नही" म्हणाले ते म्हणालेच. मुलगीच नाही म्हटल्यावर घरात तुझं नाव घ्यायचं बंद झालं. आणि त्यात माझीही गत झाली, कारण तू जन्मल्यापासून हे मला 'रेवानी माय' म्हणूनच हाक मारायचे. सात वर्षं मला हाकच नव्हती. "ऐकलं का" म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. घरात माझ्याशिवाय कुणी नसल्यामुळे खाकरलेलं मलाच ऐकू जायचं.

अट मी मान्य केली. मला वाटलं होतं, एकदा गाव दिसलं की माणूस विरघळेल.

पहिल्या दिवशी कुतुबमिनार. तिथे तो लोखंडी खांब आहे ना, त्याला पाठ लावून मागून हातांची मिठी मारायची, हात जुळले की मनातलं होतं म्हणतात. ही लांब रांग लागली होती. मीही उभी राहिले. माझ्या मनात काय होतं ते तू ओळख. माझी पाळी आली तर हे खिशातून टेप काढून पुढे आले आणि म्हणाले, "कडी धर." रेवा, त्या खांबाचा यांनी घेर मोजला, छातीच्या उंचीवर, जंगलात मोजतात तसा. मागचे पंजाबी लोक ओरडत होते. यांनी आकडा वहीत लिहिला आणि रांगेतल्या सगळ्यांना हिंदीत सांगितलं की यात काही अर्थ नाही, हा वाढत नाही. माझी मिठी राहिली ती राहिलीच.

लाल किल्ला आम्ही बाहेरून पाहिला, कारण बाहेर एक पिंपळ होता. इंडिया गेटला गेलो, तिथल्या जांभळांच्या रांगा पाहून हे इतके खूश झाले की कमान पाहायची राहून गेली. मी चिडून म्हटलं, "झाडंच पाहायची होती तर तोरणमाळ काय वाईट होतं?" तर म्हणाले, "तठली झाडं मन्ही शेतस. हाई दुसऱ्यानी." दुसऱ्याची झाडं बघायला आम्ही सातशे मैल आलो होतो.

आणि खडू! खिशात पांढऱ्या खडूची पेटी. आम्ही उतरलो होतो त्या मंदिराशेजारच्या धर्मशाळेपासून, रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला हे खडूने नंबर घालत सुटले. मी म्हटलं, अहो, हे सरकारी जंगल नाही, लोक बघताहेत. तर म्हणे, मोजलेलं झाड पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून नंबर घालायचा असतो, चाळीस वर्षं तेच केलं. जुनी खोड आहे असं समजले. खूप गोष्टी मी खोड समजत आले, मागल्या दिवाळीपासून. रोजच्या कोनाड्यातला मिठाचा डबा यांना सापडेना, तेव्हाही. शहाद्याच्या बाजारातून परत येताना बैल यांना घेऊन आले, यांनी बैलांना नाही आणलं, तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून एकटेच बाहेर गेले ते दुपारी आले. कुठे होता विचारलं तर "झाडं." मी धर्मशाळेच्या ओसरीवर पाठपिशवीला टेकून बसले होते. राजधानीत. भाड्याने लावलेल्या शिपायासारखी. बाजूची एक मारवाडी बाई म्हणाली, "बहनजी, क्या क्या देखा?" मी म्हटलं, "लोखंड."

तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे गेले. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. संध्याकाळची डेहराडूनची गाडी होती. मी तणतणत निघाले. म्हटलं, नंबर आहेतच, नंबरांच्या मागे जाऊ. तर बाहेर येऊन पाहते, एकाही झाडावर नंबर नाही. सव्वीस जानेवारी आठ दिवसांवर आलेली. नगरपालिकेची माणसं सकाळपासून रस्ताभर झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारत निघाली होती. सगळी झाडं एकसारखी, नव्या गणवेशातल्या मुलांसारखी.

तेव्हा माझा तणतणाट पहिल्यांदा थांबला. का ते मला अजून नीट कळलं नव्हतं. कळायला लागलं होतं, असं म्हण.

मी चुन्याच्या मागे मागे चालत गेले. पुढे त्यांचा मुकादम भेटला. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "वो बूढ़े बाबा आपके हैं? सारा चूना खुरच डाला." पलीकडच्या चौकात घोळका होता. मध्ये हे. दहाही नखांत चुना भरलेला, बोटं सोललेली, आणि समोरच्या कडुनिंबाचा ओला चुना खरवडून खाली काही दिसतंय का पाहत होते. पोलीस बाजूला उभा. तो उद्धट नव्हता, वैतागलेला होता. त्याच्या जागी मीही वैतागले असते.

मी इंग्रजीत सुरू केलं. संकटात मला इंग्रजीच येतं, ती सिस्टरांची कृपा. हे माझे पती, रिटायर्ड रेंज ऑफिसर, सभ्य गृहस्थ आहेत. पोलीस हिंदीत म्हणाला, "सो तो ठीक है माताजी, नाम बताइए. आधे घंटे से पूछ रहा हूँ, नाम ही नहीं बताते."

मी यांच्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांत जिथे जिथे नाव विचारलं, रेशनवर, तुझ्या शाळेत, कोर्टात, तिथे तिथे मी यांच्याकडे पाहिलं आणि यांनी ते सांगितलं. आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यात माझं चार इयत्ता इंग्रजी काही कामाला आलं नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही पुटपुटत. कॉन्व्हेंटमधली मुलगी मी, नवऱ्याचं नाव धुडकू आहे हे कळल्यावर दोन दिवस जेवले नव्हते. आधीची दोन मुलं गेली म्हणून दृष्ट लागू नये यासाठी तुझ्या आजीने मुद्दाम ठेवलेलं ते हलकं नाव. यांनाही आवडायचं नाही. सगळीकडे डी. एम. पाटील अशी सही.

तर मी पाहिलं, की आता सांगतील. यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत पाठ न झालेलं मूल शेजारच्याकडे बघतं तसं. आणि हळूच म्हणाले,

"रेवानी माय, तूच सांग ना."

सात वर्षांनी, रेवा. भर चौकात.

मी सांगितलं. धुडकू मोतीलाल पाटील, राहणार प्रकाशा. स्पष्ट, मोठ्याने, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. नाव ऐकून यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. मग पोलिसाला म्हणाले, "मी नही हरपनू. झाडं हरपनात." त्याचं भाषांतर मी केलं नाही.

मुकादम भला माणूस. त्याने यांच्या हातात चुन्याचा कुंचला दिला, म्हणाला, बाबा, खरवडलंत ते तुम्हीच रंगवा आणि जा. यांनी सहा झाडं रंगवली. इतकी सुबक, की पट्टा कुठेही वर-खाली नाही. शेवटी त्याच्या माणसांना झापलं, की तुमचे पट्टे कंबरेला आहेत, छातीला पाहिजेत. पोरं हसली. मीही हसले बहुतेक. मला नक्की आठवत नाही. म्हणजे आता मलाही.

धर्मशाळेत आल्यावर हे झोपले. मी पिशव्या भरायला घेतल्या आणि वही पडली. यांची वही मी कधी उघडली नव्हती. उघडली.

पहिल्या पानावर धर्मशाळेचं नाव आणि पत्ता. पुढे लिहिलेलं, 'इथून निघणे. परत येताना नंबर उतरते.' म्हणजे नंबर मोजणीसाठी नव्हतेच. घरी यायची वाट होती ती. आणि ज्या धर्मशाळेला मी तीन दिवस नावं ठेवत होते, ती यांनी दोन महिने आधी पत्र लिहून ठरवली होती, तीही नोंद तिथेच होती.

मग याद्या. एक जांभूळ, दोन जांभूळ, तीन कडुनिंब, प्रत्येकाचा घेर. पानामागून पानं. आणि शेवटी, मी आहे तसंच उतरवते:

'११२. कडुनिंब. घेर पाच फूट दोन इंच. रेवाच्या दारासमोर. निरोगी. राखावे.'

तुझा पत्ता तू पाठवलेल्या दिवाळीच्या पाकिटांवर असतो. ती पाकिटं मी ज्वारीच्या कणगीत लपवते. सात वर्षं मी ज्वारीत हात घालताना दार लावून घेत आले, आणि या माणसाला पत्ता पाठ होता, धर्मशाळाही त्यावरूनच धरलेली!

त्याच्या खाली: '१८ जानेवारी. रेवा दिसली. धुणे वाळत घालत होती. हिरवे पातळ. बारीक झाली आहे. रेवाला एक मुलगी आहे. वय अंदाजे चार. डावखुरी.'

पान उलटलं. '१९ जानेवारी. रेवा दिसली. रेवाला एक मुलगी आहे.'

दोन्ही दिवशी. जशी काही आजच कळलेली बातमी.

आता माझा राग ऐक. मला त्या वेळी रडू आलं नाही, संताप आला. यांच्या शब्दाखातर मी सात वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही. नात झाली, मी तिचा गालगुच्चा घेतला नाही. लोखंडी खांबाला मिठी मारायला रांगेत उभी राहिले. आणि हा शब्दाचा पक्का माणूस रोज पहाटे जाऊन तुला पाहून येत होता! मला न्यायचं सुचलं नाही! की सुचलं आणि विसरले? ते मी विचारू शकत नाही, आणि आता उत्तर मिळणार नाही, हा तर मोठाच राग आहे.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे येऊ शकले असते. एकशेबारा झाडं, त्यांतली निम्मी चुन्याखाली, पण पत्ता होता. मी आले नाही. खरं कारण लिहिते. हे झोपेतून उठून मला काय म्हणतील, मला कोण म्हणून ओळखतील, हे ठाऊक नव्हतं. आणि तुझ्या दारात, जावईबापूंसमोर, यांनी पोलिसासमोर पाहिलं तसं माझ्याकडे पाहिलं असतं तर मला सोसलं नसतं. यांचा मान राखायला गेले, असं मी स्वतःला सांगत होते. माझाच मान होता तो. डेहराडूनची तिकिटं तशीच टाकली आणि आम्ही घरी आलो.

आता इथली हकीकत. करणसिंग, यांच्या हाताखालचा म्हातारा फॉरेस्ट गार्ड, तुला खांद्यावर घेऊन हिंडायचा तो, धडगावकडून मुद्दाम खाली उतरून आमच्याकडे राहायला आला आहे. रोज यांना तापीकाठी फिरवून आणतो. म्हणतो, "बाई, साहेबाला झाडं समदी ठाऊक. माणसंच इसरतो." परवा यांनी करणसिंगला विचारलं, रेवाचं बोर्डिंगातून पत्र आलं का, जशी तू अजून शाळेतच आहेस. छगनशेठ, कोर्ट, तुझं लग्न, ते सगळं गेलं. भांडण पार विसरले. सात वर्षं घर ज्याच्यावर उभं होतं ते भांडण आता एकट्या माझ्या लक्षात आहे, आणि मला ते जपायची मुळीच इच्छा नाही. भांडण गेलं आहे आणि तू अजून यांच्या लक्षात आहेस. पण किती दिवस, ते शहाद्याचे डॉक्टर सांगत नाहीत. मला आता पुन्हा रोज 'रेवानी माय' अशी हाक येते. परवा एक पूर्ण दिवस आली नाही.

काल सकाळी डोकं अगदी स्वच्छ होतं. स्वतः खुंटीवरचं सामान खाली काढलं आणि म्हणाले, "जवलोंग ध्यानमा शे, तवलोंग वाटी टाक." लक्षात आहे तोवर वाटून टाक. मी लिहून घेतलं, तसं तुला कळवते.

खाकी कोट आणि वेताची काठी करणसिंगला. ती दिली, तो रात्रीही कोट काढत नाही. जंगलाचे नकाशे तळोद्याच्या ऑफिसला, तिथे त्यांना ते नको असले तरी. बूट कुणाच्याच मापाचे नाहीत, ते राहू देत. मोठी पाठपिशवी जावईबापूंना. हे माझं नाही, यांचं सांगणं आहे. 'रेवाच्या घरचा माणूस' असं म्हणाले, कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मापाची लहान पिशवी तुझ्या मुलीला. पट्टे आवळून घेता येतात, उजवा पट्टा जरा सैल कर, डावखुरी आहे ती.

वही मागू नकोस, ती माझी.

टेप तुला. विचारलं, कुणाला द्यायची, तर क्षणभरही न थांबता म्हणाले, कडी धरणारीला. पण ती मी टपालाने पाठवणार नाही, कुणाच्या हातीही देणार नाही. एक टोक हे धरून बसतील, दुसरं तू येऊन धरायचं आहेस. मुलीला घेऊन ये. कडी सोडलीस तरी चालेल, मी पुसेन.

आणि हे पत्र वाचून झालं की आधी दाराबाहेर जा. समोरच्या कडुनिंबाला, यांच्या सवयीप्रमाणे रस्त्याच्या उलट्या बाजूने, छातीच्या उंचीवर पाहा. तुमच्या गल्लीत चुनेवाले आले नसतील तर ११२ दिसेल, आणि नंबराभोवती गोल कडं. तोडायच्या झाडाला हे हातोडीचा ठसा मारायचे. कडं फक्त राखायच्या झाडाला.

धुडकू मोतीलाल पाटील यांची बायको,
रेवाची आई